ठिपका तोच, किंमत पाचपट

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या बंदुकीच्या दुकानात काचेच्या कपाटात दोन नळकांडी शेजारी शेजारी दिसतील. आकार जवळपास सारखा, रंग काळा, आणि दोन्हींतून पाहिलं की समोर एक लाल ठिपका. एकावर चिठ्ठी सव्वाशे-दीडशे डॉलरची, दुसऱ्यावर आठशेच्या पुढची. काउंटरवरचा माणूस महागाची बाजू घेणार. सोबत आलेला मित्र म्हणणार, ‘अरे, माझी स्वस्तातली मस्त चाललीय, कशाला घालतोस पैसे?’ दोघंही खोटं बोलत नसतात, म्हणून तर निवड अवघड होते.

ज्या मराठी मंडळींना तिकडे रेंजवर जायची सवय लागली आहे आणि आता बंदुकीवर रेड डॉट साईट बसवायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. भारतातल्या वाचकांचं गणित जरा निराळं आहे, त्याबद्दल शेवटी. आधी एक कायद्याची गोष्ट. साईट म्हणजे बंदूक नव्हे, ती विकत घ्यायला पार्श्वभूमीची तपासणी लागत नाही. पण ज्या बंदुकीवर ती बसणार तिचं तसं नाही. एच-१बीसारख्या नॉनइमिग्रंट व्हिसावर असणाऱ्याला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. शिकारीचा चालू परवाना असणं, असे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्याला ही आडकाठी नाही. रेंजवर भाड्याने घेतलेली किंवा मित्राने हातात दिलेली बंदूकही ‘बाळगणं’ या शब्दात बसू शकते. तेव्हा आधी व्हिसा बघा, साईटचं मग.

आता ही साईट करते काय? साध्या बंदुकीत मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य या तीन गोष्टी डोळ्याने एका रेषेत आणाव्या लागतात, आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. चाळिशी उलटली की माशी धूसर व्हायला लागते. रेड डॉटमध्ये तळाशी एक बारीक एलईडी असतो. त्याचा उजेड पुढच्या वक्र काचेवर पडतो. काचेवरचा थर तेवढा लाल रंग परत फिरवतो, बाकीचा उजेड आरपार जाऊ देतो. काचेचा बाक असा असतो की परत फिरलेले किरण समांतर होऊन डोळ्यात येतात आणि ठिपका थेट लक्ष्यापाशी असल्यासारखा दिसतो. नजर लक्ष्यावर ठेवायची, ठिपका तिथे आणायचा, घोडा दाबायचा. सिनेमात खलनायकाच्या छातीवर फिरतो तो लेझरचा ठिपका, त्याचा याच्याशी संबंध नाही. हा ठिपका नेम धरणाऱ्यालाच दिसतो. काचेतून जग किंचित निळसर दिसतं ते त्या थरामुळे, आणि ते महागातही दिसतं. नुसत्या छटेवरून प्रत ठरवायला जाऊ नका.

स्वीडनच्या माल्मोतल्या एमपॉइंट कंपनीने १९७५ साली पहिली इलेक्ट्रॉनिक रेड डॉट बाजारात आणली. तेव्हापासून मूळ तत्त्व तेच आहे, आणि त्यातलं कौशल्य आता सगळीकडे पोचलं आहे. ठिपका दाखवणं आज कुणालाही जमतं. हजारो धक्के, पाऊस आणि गाडीच्या डिकीतला उन्हाळा सोसून तो ठिपका जिथे होता तिथेच ठेवणं अजूनही सगळ्यांना जमत नाही. किमतीतला फरक मुख्यतः त्याचा आहे.

महाग साईटने गोळी जास्त नेमकी लागते हा समज डोक्यातून काढून टाका. नेमकेपणा नळीत, काडतुसात आणि तुमच्या बोटात असतो. जास्तीचे पैसे जातात ते जाड भिंतींच्या अॅल्युमिनियमच्या खोक्यात, धक्क्याने न सुटणाऱ्या आतल्या जोडणीत, पाणी आणि वाफ आत न शिरू देणाऱ्या सीलमध्ये, जितक्या क्लिक फिरवाल तितकंच सरकणाऱ्या स्क्रूमध्ये. आणि तपासणीत. स्वस्त कंपनीचे बरेचसे नग चांगलेच निघतात, पण कारखान्यात कमी झालेली तपासणी गिऱ्हाइकाने पुरी करायची असते. ती कशी करायची ते पुढे सांगतो. ती करायची तयारी असेल तर स्वस्त साईट खरोखरच स्वस्त पडते.

दुकानात शिरण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा. ही बंदूक साईटला किती हाणते? आणि ऐन वेळी ठिपका विझला तर काय बिघडतं?

.२२ रायफल घ्या. धक्का नावालाच. रविवारी कागदावर किंवा लोखंडी पाट्यांवर नेम धरायचा. ठिपका विझला तर फार तर एक दुपार फुकट जाते. इथे बुशनेलची टीआरएस-२५ किंवा सिगची रोमिओ ५ अशी शंभर-दीडशेपर्यंतची साईट भरपूर झाली. स्टील चॅलेंज स्पर्धेत ऑप्टिक लावलेल्या .२२ रायफलींचा आणि पिस्तुलांचा वेगळा गट असतो, तिथेही या किमतीच्या साईटने हौस भागते. .२२ वर आठशेची साईट लावणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, पण सल्ला विचारलात तर नको म्हणेन. दोन किमतींमधल्या सहाशे-सातशे डॉलरमध्ये वर्षभराची काडतुसं आणि एखाद्या चांगल्या शिक्षकाची शिकवणी बसते, आणि नेम सुधारतो तो त्याने.

एआर जातीच्या रायफलीवर प्रश्न थोडा वर चढतो. ५.५६ चा धक्का साईटला फारसा जड नाही, त्यामुळे केवळ रेंजसाठी रोमिओ ५ किंवा होलोसनची ४०३ चालते, आणि नीट चालते. पण तीच रायफल घराच्या संरक्षणासाठी तिजोरीत ठेवलेली असेल तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बदलतं. मग मधल्या पायरीवर या. एमपॉइंटची पीआरओ ही माझ्या मते या सगळ्या बाजारातली सर्वांत समजूतदार खरेदी आहे. नवी साधारण साडेचारशे-पाचशेला मिळते, एका बॅटरीवर ३०,००० तास चालते असं कंपनी सांगते, थोडी जड आहे, दिसायला जुनाट आहे. जुन्या बाजारातही ती मिळते आणि फार घासलेली नसेल तर बिनधास्त घ्यावी. आठशेची मायक्रो टी-२ तिच्याहून हलकी, लहान आणि ५०,००० तासांची. ज्यांना दिवसभर रायफल खांद्यावर वागवायची असते त्यांना तो हलकेपणा मोलाचा. शनिवारी दोन तास रेंजवर जाणाऱ्याला काय त्याचं? आणि साईट कुठलीही असो, संरक्षणाच्या रायफलीवर घडी होणाऱ्या साध्या साईट मागे ठेवाच.

पिस्तूल मात्र वेगळंच प्रकरण आहे. इथे कंजूषपणा करू नका. रायफलीत साईट एका जागी स्थिर बसलेली असते. पिस्तुलात ती स्लाइडवर स्वार होते, आणि स्लाइड प्रत्येक गोळीला मागे जाऊन आदळते, पुढे येऊन आदळते. पन्नास गोळ्यांच्या एका खोक्यात शंभर आपट्या. साठ-सत्तर डॉलरच्या साईटचा ठिपका यात लुकलुकायला लागतो, मग एखाद्या दिवशी नाहीसा होतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे दिसत राहतो पण नेम हळूहळू सरकतो. ट्रिजिकॉनने २००९ मध्ये आरएमआर आणली. तिच्या काचेवरची कड मुद्दाम मध्यभागी खोलगट आणि दोन्ही खांद्यांकडे चढती केलेली आहे, म्हणजे पिस्तूल पडलं तर मार काचेऐवजी खोक्याच्या कोपऱ्यांवर जातो. बॅटरी बदलायला ती पिस्तुलावरून उतरवावी लागते हा तिचा जुना त्रास. होलोसनच्या ५०७सीमध्ये बॅटरी कडेच्या कप्प्यातून निघते आणि किंमत तीनशेच्या आसपास. पिस्तुलासाठी मी हीच खालची पायरी मानतो. यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांत, कॅरी ऑप्टिक्स गटात उतरायचं असेल तर एवढ्यावर आरामात खेळता येतं.

पिस्तुलाच्या बाबतीत आणखी एक पाहायचं. आरएमआर आणि ५०७सी या उघड्या जातीच्या आहेत, म्हणजे एलईडी आणि काच यांच्यामधली जागा मोकळी असते. एलईडीवर पावसाचा थेंब बसला किंवा कपड्याचा धागा अडकला की ठिपका फिस्कटतो. एमपॉइंटची अॅक्रो बंद खोक्याची आहे, पाऊस पडला तरी तिची फक्त बाहेरची काच पुसायची. रेंजवर छताखाली उभं राहणाऱ्याला याचं काही नाही. पिस्तूल रोज अंगावर बाळगणाऱ्याला बंद जातीचे जादा पैसे मोजणं मी योग्य समजेन.

शॉटगनला धक्का मोठा, पण नियम तेच, फक्त एक पायरी वर.

महाग म्हणजे निर्धोक, असंही नाही. ईओटेकच्या होलोग्राफिक साईट अमेरिकी सैन्याने वापरल्या, त्या तेव्हाही महागच होत्या. थंडी-उष्णतेत त्यांचा नेम सरकतो हे ठाऊक असूनही लपवलं, असा दावा अमेरिकी सरकारने केला, आणि २०१५ मध्ये मालक कंपनी एल-३ने २ कोटी ५६ लाख डॉलर देऊन तो मिटवला. नंतर सर्वसामान्य गिऱ्हाइकांनाही पैसे परत देऊ करावे लागले. सैन्य वापरतं एवढ्यावर विसंबून आठशे डॉलर टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

खरेदीत सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकाचा स्वतःचा डोळा. चष्म्याच्या चिठ्ठीत सिलिंड्रिकल नंबर असेल तर गोल ठिपका स्वल्पविरामासारखा लांबुळका, कधी चांदणीसारखा फुटलेला दिसतो. लोक ती साईट खराब म्हणून परत करतात, दुप्पट किमतीची आणतात, आणि त्यातही तेच दिसतं. दुकानातच परीक्षा करा. मोबाइलचा कॅमेरा साईटच्या मागे धरा. पडद्यावर ठिपका गोल दिसला तर साईट ठीक आहे, अडचण डोळ्यात आहे. मग उजेड दोन पायऱ्या कमी करून बघा. बहुतेक जण ठिपका गरजेपेक्षा भडक ठेवतात, आणि भडक ठिपका जास्त फुटतो. नंबराचा चष्मा लावून बघा. हिरवा ठिपका काहींना बरा दिसतो. तरीही नाहीच जमलं तर काचेवर कोरलेली खूण असणारी प्रिझम साईट बघा, ती बॅटरीशिवायही दिसते. प्रोग्रेसिव्ह चष्मेवाल्यांनी लक्षात ठेवायचं ते असं की ठिपका लांब असल्यासारखा दिसतो, म्हणून चष्म्याचा वरचा, लांबचा भागच वापरायचा. जवळचा भाग लागावा म्हणून मान वर केली की सगळं बिनसतं.

ठिपक्याचा आकार एमओएमध्ये सांगतात. एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर साधारण २.९ सेंटिमीटर. २ एमओएचा ठिपका तिथे पावणेसहा सेंटिमीटर झाकतो, ६ एमओएचा सव्वासतरा-साडेसतरा. रायफलीला २ बरा. पिस्तुलावर मोठा ठिपका लवकर सापडतो, आणि २५ मीटरवर ६ एमओए म्हणजे जेमतेम साडेचार सेंटिमीटर, तेव्हा बिघडत काही नाही. पिस्तूल उचलल्यावर ठिपका काचेत सापडतच नाही ही नवख्यांची नेहमीची तक्रार. तिच्यावर मोठी काच हा अर्धा उपाय, रिकाम्या पिस्तुलाने घरी केलेला सराव हा पुरा.

साईट चांगली आणि बसवणी वाईट, ही जोडी स्वस्त साईट आणि चांगली बसवणी या जोडीपेक्षा वाईट. रेंजवर ‘साईट नेम धरत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचा स्क्रू सैल असतो. रायफलीवर माउंट पिकॅटिनी रेलच्या खाचेत बसवताना आधी नळीच्या तोंडाकडे सरकवून धरा आणि मगच नट आवळा. धक्का बसला की बंदूक मागे जाते आणि साईट जागेवर राहू बघते, म्हणजे रेलच्या हिशेबाने पुढे सरकते. ती आधीच पुढे टेकलेली असली की सरकायला जागा उरत नाही. पिस्तुलावर प्रत्येक साईटच्या तळाचा साचा, म्हणजे फुटप्रिंट, वेगळा असतो. आरएमआरचा वेगळा, अॅक्रोचा वेगळा. शक्य असेल तर तुमच्या स्लाइडच्या साच्यात थेट बसणारी साईट घ्या. मध्ये पट्टी घालावी लागली तर पट्टी चांगल्या कंपनीची असावी, कारण आता दोन जोडांचे स्क्रू सैल होऊ शकतात.

स्क्रू आणि त्यांची भोकं दोन्ही अल्कोहोलने पुसून तेल काढा, तेलावर थ्रेडलॉकर धरत नाही. निळा थ्रेडलॉकर थेंबभर लावा, लाल नको, तो पुढे उखडताना रडवतो. लहान टॉर्क रेंच वापरा. पिस्तुलाच्या साईटना साधारण १२ ते १५ इंच-पाउंड लागतात, पण तुमच्या साईटच्या पुस्तिकेत लिहिलेला आकडा खरा. मनगटाच्या अंदाजावर आवळलेला स्क्रू एक तर सैल राहतो, नाहीतर तुटतो. सोबत आलेल्या स्क्रूंपैकी लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर त्याचं टोक आत एक्स्ट्रॅक्टरच्या भागाला टेकतं आणि पिस्तूल अडखळायला लागतं. मग दोष पिस्तुलाला जातो. सगळं झालं की स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूवर रंगाच्या पेनाने एक बारीक पांढरी रेघ ओढा. पुढे कधीही रेघ तुटलेली दिसली की समजायचं, स्क्रू फिरला.

आता ती राहिलेली तपासणी. विकत घेण्याआधी परतीचे नियम वाचा, कारण काही दुकानं एकदा बसवलेली साईट परत घेत नाहीत. घरी आणल्यावर भर दुपारी उन्हातल्या पांढऱ्या भिंतीकडे बघा, सर्वांत प्रखर पायरीवर ठिपका स्पष्ट दिसला पाहिजे. मग रात्री अंधाऱ्या खोलीत, सर्वांत मंद पायरीवर. रेंजवर बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून, हात न लावता, डोळा काचेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न्या. लक्ष्यावरचा ठिपका किती सरकतो ते बघा. थोडा सरकणारच, ‘पॅरॅलॅक्स फ्री’ ही जाहिरातीची भाषा आहे. फार सरकत असेल तर परत करा. नेम बसवून झाल्यावर २० क्लिक उजवीकडे, २० वर, २० डावीकडे, २० खाली फिरवा आणि प्रत्येक कोपऱ्यावर तीन-तीन गोळ्या मारा. क्लिक १ एमओएची असेल तर २५ यार्डांवर चौकोनाची बाजू साधारण सव्वापाच इंच यायला हवी, आणि शेवटच्या गोळ्या पहिल्या जागी परत यायला हव्यात. चौकोन वाकडा आला तरी एकदा नेम बसवून स्क्रूला हात न लावणाऱ्याला तो चालून जातो. शेवटच्या गोळ्या मूळ जागी आल्या नाहीत तर मात्र ती साईट ठेवू नका. त्यानंतर दोन-तीनशे गोळ्या झाल्यावर नेम पुन्हा तपासा. एवढ्यात टिकलेली दीडशेची साईट, न तपासलेल्या आठशेच्या साईटपेक्षा मला जास्त भरवशाची वाटते.

हमीबद्दल थोडक्यात. व्होर्टेक्ससारख्या कंपन्या आजीवन हमी देतात, पावतीही मागत नाहीत, आणि स्वस्त साईट घेताना हा मोठा आधार आहे. पण हमी साईट बदलून देते, स्पर्धेतली गेलेली फेरी देत नाही. ऑनलाइन बाजारात नावाजलेल्या साईटच्या हुबेहूब नकला फिरतात, त्यातल्या काही खेळण्यातल्या बंदुकांसाठी बनवलेल्या असतात. एमपॉइंट दोनशे डॉलरला नवी मिळत असेल तर ती एमपॉइंट नव्हे. सिरियल नंबर कंपनीकडे नोंदवून बघा.

बॅटरीचे ५०,००० तास हा आकडा मधल्या एका पायरीवरचा असतो, सर्वांत प्रखर पायरीवर तो पार घसरतो. बॅटरी विझेपर्यंत वाट न पाहता वर्षातून एकदा बदला. घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा करत असाल तर तोच दिवस धरा. मॅगझिन काढायचं, चेंबर रिकामं आहे ना ते डोळ्याने आणि बोटाने पाहायचं, बॅटरी बदलायची, पांढऱ्या रेघा तपासायच्या, मग हळदकुंकू. मुलांनी गिळू नये म्हणून काही नाणे-बॅटऱ्यांवर कडू थर दिलेला असतो, त्याने कधी कधी साईट पेटतच नाही. अल्कोहोलच्या बोळ्याने पुसली की काम होतं. जुनी बॅटरी मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळलेली नाणे-बॅटरी जिवावर बेतते.

भारतातल्या वाचकांसाठी. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे .१७७ पर्यंतच्या व्यासाच्या आणि २० जूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही, आणि हौशी लोक रेड डॉट बसवतात ती बहुधा अशाच रायफलीवर. स्प्रिंगची एअर रायफल गोळी सुटताना आधी मागे आणि पिस्टन आदळला की पुढे, असा दुहेरी झटका देते. ज्या साईट .२२ वर वर्षानुवर्षं टिकतात त्या हिच्यावर काही दिवसांत राम म्हणतात. विक्रेत्याला स्पष्ट विचारा, ‘ही स्प्रिंगवर चालेल का?’ आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या पीसीपी रायफलीला ही भानगड नाही, तिच्यावर स्वस्तातली साईटही निभावते.

मुलाला किंवा मुलीला वरळीच्या किंवा बालेवाडीच्या रेंजवर घालणाऱ्या पालकांनी रेड डॉट घेऊच नये. ऑलिंपिकमधल्या रायफल आणि पिस्तूल प्रकारांत ती चालत नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं ते छिद्राच्या साईटने. मुलांना पहिल्या दिवसापासून तीच सवय लागू द्या आणि वाचलेले पैसे चांगल्या शूटिंग जॅकेटमध्ये घाला.

आणि तिकडच्या मंडळींनो, गणपतीला गावी येताना भाच्याने मागितली म्हणून साईट बॅगेत टाकू नका. बंदुकीच्या ऑप्टिकल साईट अमेरिकेच्या निर्यात-नियंत्रणाच्या यादीत आहेत आणि इकडे कस्टमवालेही प्रश्न विचारतात. भाच्याला इथल्याच विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर घेऊ द्या.